खळ निघाल्यावर

कुडता गल्ल्यावर येऊन पडला तेव्हा मी एका शाळेच्या माणसाशी स्कर्टच्या कापडावरून हुज्जत घालत होते. मान वर करायच्या आधीच मला कळलं की हे कापड भिकार आहे. चांगलं कापड फेकलं तर दाणकन पडतं. हे पंख्याच्या वाऱ्यावर स्वल्प तरंगलं आणि मग वर्तमानपत्रासारखं पसरलं.

“घ्या तुमचं कापड, अक्का,” आवाज आला. “तुम्हीच घाला आणि तुम्हीच फिरा बाजारातून.”

शाळेचा माणूस चहाचं निमित्त करून सटकला. समोर उभी होती ती व्हाइटफील्डच्या एका आयटी पार्कातली हाउसकीपिंगची सुपरवायझर. मी तिला तंगी म्हणते, म्हणजे धाकटी बहीण. नाव सांगणार नाही. कुणाचंच सांगणार नाही, त्याचं कारण पुढे येईल. आमचं बोलणं कन्नडमध्ये चालतं. इथे ते मराठीत लिहिते आहे.

तंगीला मी बरीच वर्षं ओळखते. फरशी पुसण्यापासून सुरुवात करून ती चढत चढत सुपरवायझर झाली. तिच्या हाताखालच्या बायकांची मापं घेऊन तीच माझ्याकडे यायची. माझ्यासमोर कधी आवाज न चढवणारी बाई आज ओरडत होती, आणि मला राग आला. कुणी माझ्या दुकानात माझ्यावर ओरडलं की मला राग येतोच, कारण विचारायला मी थांबत नाही.

“हे माझं कापड नाही,” मी म्हटलं.

“तुमचंच आहे. आम्हाला सांगितलं, मागच्या वेळच्याच दुकानातून आलंय.”

मी कुडता उचलला. मी गणवेशाचं कापड विकते आणि शिवूनही देते. शाळा, इस्पितळं, हॉटेलं, सिक्युरिटीवाले. यशवंतपूरच्या घाऊक बाजारामागे माझं दुकान आहे. पुढे कापडाचे ताके, मागे शिलाईची मशिनं. आमचं घराणं या शहरात शेकडो वर्षं आहे असं आमची मंडळी लग्नकार्यात छाती काढून सांगतात. त्या शेकडो वर्षांतून माझ्या वाट्याला आली ती कन्नडने अर्धी गिळलेली मराठी आणि कापड बोटांनी ओळखायची सवय. बाकी सगळं मी कटपीसचं गाठोडं खांद्यावर घेऊन, दारोदार फिरून, भांडून मिळवलं. त्यामुळे माझ्या नावावर कुणी दुसऱ्याचा माल खपवला तर मला तो माझ्या ताटात थुंकल्यासारखा वाटतो.

मी कुडत्याची बाही दोन्ही मुठींत धरली आणि काळ्या गल्ल्यावर खसाखसा चोळली. पांढरी भुकटी पडली. तांदळाच्या पिठासारखी, बारीक.

“हे बघ.”

“काय आहे ते?”

“खळ.”

खळ म्हणजे कांजी. विणताना सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात. त्यात काही पाप नाही. पाप सुरू होतं ते पुढे. धागे दूरदूर टाकून कापड विरळ विणायचं, सूत वाचवायचं, आणि मग मधली भोकं खळीने आणि खडूच्या भुकटीने बुजवायची. दुकानात ते कापड ताठ उभं राहतं. हात लावणाऱ्याला वाटतं, व्वा, काय दम आहे. पहिल्या धुण्यात अर्धा दम मोरीत वाहून जातो. तिसऱ्या धुण्यानंतर हातात उरतं ते दूध गाळायचं फडकं. अशा कापडाला आम्ही विरविरीत म्हणतो. हा शब्द मी तोंडातून काढते तेव्हा सोबत जीभही बाहेर काढावीशी वाटते.

“धुतलेला आहे हा?” मी विचारलं.

“नाही. हा दुसरा जोड. धुतलेला मी घालून दाखवला असता, पण रस्त्यातून येववत नाही.”

मग ती स्टुलावर बसली आणि तिने सांगितलं.

नवे गणवेश आले तेव्हा बायका खूश होत्या. फिकट मलई रंगाचा कुडता, तशीच पँट. काही धुण्यांतच ते पारदर्शक झाले. त्या इमारतीच्या भिंती काचेच्या. सकाळी ऊन पूर्वेकडून आत येतं, आणि काचेपाशी उभी राहून पुसणारी बाई अशी दिसते की जणू अंगावर काहीच नाही. एक दिवस तंगी स्वतः पँट्रीबाहेरची काच पुसत होती. मागे दोन पोरं कॉफी घेऊन उभी होती. एकाने फोन वर धरला. ती वळली तेव्हा त्याने फोन खाली केला नाही, नुसता हसला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पायात माझ्या दुकानाच्या महिन्याच्या भाड्याइतक्या किमतीचे बूट.

ती तडक ठेकेदार कंपनीच्या मॅनेजरकडे गेली. हाउसकीपिंगच्या बायका आयटी कंपनीच्या नसतात, ठेकेदाराच्या असतात, आणि ठेकेदाराचा मॅनेजर तळघरात एसी लावून बसतो. त्याने ऐकून घेतलं, तिच्याकडे वरून खाली पाहिलं आणि बाजूच्या माणसाला इंग्रजीत काहीतरी म्हणाला. मग तिला हिंदीत म्हणाला, नीट कपडे घालून येत जा, आतून काही घालायला नको का, वरून तक्रारी येतात.

दुसऱ्या दिवशी ती जुना गणवेश घालून गेली. माझ्या कापडाचा. विटलेला, कोपराला ठिगळ लावलेला, पण अंग झाकणारा. मॅनेजरने तिला नोटीस दिली. गणवेश न घालणं, शिस्तभंग, हाताखालच्यांना चिथावणं. आठवड्याच्या आत लेखी माफी आणि नवा गणवेश, नाहीतर काम सुटलं. असं काम सुटलं की दुसरा ठेकेदार सुपरवायझर म्हणून घेत नाही. पुन्हा बादली आणि पोछा, पुन्हा पहिल्या पायरीपासून. तेही पाठ धड असेल तर. तिची पाठ आता धड नाही.

“आणि अक्का, तो एक शब्द बोलला. बाजूच्या माणसाला. मला इंग्रजी थोडं कळतं, पण तो शब्द नाही कळला. स्लीझी. दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा तो माणूस हसला. काय अर्थ आहे?”

मला माहीत नव्हता. “विचारून सांगते,” म्हटलं. “नोटीस आणि एक धुतलेला कुडता उद्या माझ्याकडे आणून दे. आणि हे कापड माझं नाही, हे डोक्यात घाल.”

“मग तुमचं कापड कुठे गेलं?”

ते मला कळून चुकलं होतं. गेल्या पावसाळ्यात त्याच मॅनेजरने माझ्याकडून कापडाचा नमुना मागवला होता. मी हातभर तुकडा दिला, कोपऱ्यावर दुकानाचा शिक्का मारून. मग त्याने भावावरून माझं डोकं खाल्लं. माझ्याशी घासाघीस करायला मी कुणालाही बंदी करत नाही, उलट जो करत नाही त्याच्यावर माझा विश्वास नसतो. पण कापडाला एक तळ असतो. त्याच्या खाली गेलं की कापड राहत नाही, नुसता देखावा राहतो. तिथे मी थांबले. तो म्हणाला, कळवतो. कळवलं नाही. माझा शिक्क्याचा तुकडा मंजूर नमुना म्हणून फायलीत गेला, आणि माल आला दुसरीकडून. बायकांना सांगितलं, मागचंच दुकान. माझं नाव त्याने त्या पांढऱ्या भुकटीसारखं वापरलं. भोकं बुजवायला.

माझ्या घराच्या वरच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहते. नागपूरची, कॉम्प्युटरवर काम करते, बहुतेक दिवस घरूनच. संध्याकाळी ती जिन्यावर फोन घेऊन बसली होती.

“ए, स्लीझी म्हणजे काय गं?”

तिने डोळे मोठे केले. “काकू! कोणी म्हटलं तुम्हाला?”

“मला म्हणायची कुणाची टाप आहे? तू अर्थ सांग.”

“म्हणजे घाण. पण धुळीची घाण नाही. एखादा माणूस बाईकडे कसातरीच पाहून राहिला ना, तो स्लीझी. एखादं लॉज असते, पायरीवरच समजते की इथे काही बरं चाललेलं नाही, ते स्लीझी. पैसे खाणारे पुढारी स्लीझी.”

“आणि बाईला म्हटलं तर?”

“तर मग लाज सोडलेली. सांगा ना काकू, कोणाला म्हटलं?”

मी सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला, समोरच्या घरातली बाई गॅलरीत आली. मुलगी फोनवर काहीतरी शोधत राहिली आणि मग एकदम म्हणाली, “अरे बाप्पा. काकू, हा तर तुमच्या धंद्यातला शब्द आहे.”

“काय बोलतेस?”

“हे पाहा. आधी हा शब्द कापडासाठी होता. पातळ, ठिसूळ, दम नसलेलं कापड. तीनेकशे वर्षांपूर्वी इंग्रज लोक असल्या कापडाला स्लीझी म्हणत. कुठून आला ते पक्कं माहीत नाही म्हणतात. सायलेशिया म्हणून युरोपात एक भाग आहे, तिथून कापड जायचं, त्या नावावरून पडला असं काही लोक सांगतात. पण तेही नक्की नाही म्हणे. नाव जुळलं म्हणून चिकटवलं असेल.”

“आणि घाण अर्थ?”

“तो फार नंतर. गेल्या शतकात. आधी कापड, मग कोणतीही स्वस्त, पडीक गोष्ट, मग तसल्या जागा, मग माणसं.”

मी जिन्याच्या पायरीवर बसले. मला भाषेतलं काही कळत नाही, शाळा मी सातवीत सोडली. पण ही चाल मला ओळखीची वाटली. आमच्याकडेही कमी सुताच्या कापडाला हलकं म्हणतात, आणि माणूस वाईट निघाला की हलकट. या गावात ऑटोवाले एकमेकांना हलकट म्हणतात ते कन्नड समजून; आमच्याच कुणा पूर्वजाने आणला असेल तो इथे. कापड पारखणाऱ्यांनी माणसं पारखायला तेच शब्द वापरले, यात नवल काही नाही. विणणारा चोर असेल, विकणारा लबाड असेल, तर त्यांना हलकट म्हणा, मी टाळ्या वाजवीन.

मला किळस आली ती वेगळ्या गोष्टीची. शब्द विणणाऱ्यावर थांबला नाही, विकणाऱ्यावर थांबला नाही. तो घसरत घसरत ज्याच्या अंगावर ते कापड आहे त्याच्यावर जाऊन बसला. ज्याने सूत चोरलं तो तळघरात एसीत बसलाय, आणि स्लीझी कोण, तर ती, जिला ते घालायला लावलं. आणि तो सायलेशिया. खरं असो की खोटं, एका अख्ख्या मुलखाचं नाव तीनशे वर्षं असल्या कापडाला चिकटून आहे. तिथल्या कुणी विणकराने चांगलं कापडही विणलं असेलच की. त्याला कोण विचारतो?

“काकू, काही खाल्लं का तुम्ही?” मुलगी म्हणाली. “चेहरा कसा होऊन राहिला तुमचा.”

“तू जा. काम कर तुझं.”

दुसऱ्या दिवशी तंगी कुडता आणि नोटीस घेऊन आली. पहिला प्रश्न तोच.

“कळला अर्थ?”

मी पूर्ण खरं सांगितलं नाही. “कापडाचा शब्द आहे,” म्हटलं. “पातळ, विरविरीत कापडाला म्हणतात.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “कापडाला म्हणायचं होतं, तर माझ्याकडे का बघितलं?”

मी तिच्या हातातला कुडता घेतला आणि म्हटलं, चल.

मॅजेस्टिकला मेट्रो बदलून आम्ही व्हाइटफील्डला गेलो. गाडीत आयटीची पोरं उभ्या उभ्या फोनमध्ये बुडालेली. त्यांच्या टी-शर्टांचं कापड मी सवयीने पाहत होते, बरं होतं. नोटिशीची मुदत परवा संपत होती. मी तंगीला एवढंच म्हटलं, “आत मी एकटी जाते. तू सर्व्हिस लिफ्टपाशी थांब. बोलावल्याशिवाय येऊ नको, आणि माफीच्या कागदावर सही करू नको.”

“काम गेलं तर?”

“मी घासाघीस करायला चालले आहे, भांडायला नाही.”

तिला हसू आलं. माझ्यात तो फरक नसतो हे तिला माहीत आहे.

मॅनेजर पस्तिशीचा असेल. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटावर लाल धागा, टेबलावर गणपती. मी हिंदीत सुरुवात केली. त्याने माझ्या कार्डावरचं आडनाव वाचलं आणि मराठीत आला.

“अरे, तुम्ही मराठी! मागे फोनवर कळलंच नाही. काकू, आपली माणसं इथे भेटतच नाहीत हो. बसा ना. कॉफी सांगू?”

फोनवर भाव पाडताना मी काकू नव्हते. तेव्हा मी वेंडर होते. हे असं एकदम नातं काढणं मला नेहमीच तेलकट वाटतं. हात पुसावासा वाटतो.

“कॉफी नको. तुमची एक नोटीस आहे, ती वाचून दाखवा.” मी नोटीस टेबलावर ठेवली.

“ते इंटर्नल मॅटर आहे काकू. त्या बाईचा अ‍ॅटिट्यूड प्रॉब्लेम आहे. बाकीच्या घालतात ना?”

“वाचा तर.”

तो नोटिशीकडे हात नेणार तोच मी तिच्यावर धुतलेला कुडता पसरला. पाठीचा भाग, एकेरी. “आता वाचा.”

नोटिशीचं ठळक शीर्षक स्वच्छ दिसत होतं. खाली त्याची सही दिसत होती, सहीखालची रेघ दिसत होती. त्याने चिमटीने कुडता उचलून बाजूला केला आणि लगेच टेबलावरच्या बाटलीतलं सॅनिटायझर हातावर घेतलं. कुडता धुतलेला होता. तंगीने साबणाने धुऊन, घडी घालून दिला होता. तो हात चोळत राहिला आणि मी त्याच्या हातांकडे पाहत राहिले. आजही जेवताना कधी ते हात आठवले की घास फिरतो.

“मटेरियल अप्रूव्ह्ड आहे,” तो म्हणाला. “सॅम्पल तुमचंच आहे. तुमचा शिक्का आहे.”

“सॅम्पल माझं. ताका कुणाचा?”

त्याने बाटली जागेवर ठेवली.

“मी सांगते,” म्हटलं. “ज्याने तुम्हाला दिवाळीला मोठी पेटी पाठवली त्याचा.”

हे मी अंदाजाने बोलले होते. त्याचे कान लाल झाले, म्हणजे अंदाज बरोबर बसला.

“काकू, असं बघा,” त्याने खुर्ची पुढे ओढली. “झालं ते झालं. पुढच्या वर्षीची ऑर्डर तुम्हाला. अजून दोन साइट आहेत माझ्याकडे, त्याही बघू. तुम्ही फक्त एवढं करा, कुणी विचारलं तर म्हणा, कापड सॅम्पलप्रमाणेच आहे. धुण्याची पद्धत चुकली. या बायका ब्लीच टाकतात, तुम्हाला माहितीये.”

“आणि नोटीस?”

“ती राहू दे. एकीला सोडलं तर सगळ्या डोक्यावर बसतील. शिवाय, खरं सांगू? त्या बाईचं राहणंच जरा... तुम्ही समजून घ्या. काचेसमोर उभं राहायचं, मग म्हणायचं लोक बघतात.”

मी आयुष्यात पुष्कळ घाण माणसांशी सौदे केले आहेत. भाव पाडताना मला भिकारीण म्हणणारे पाहिले, मालासोबत अजून काय देणार असं विचारणारेही पाहिले. तो माणूस त्यांच्याइतका उघड नव्हता. त्याचं सगळं इस्त्रीचं होतं. मला वाटलं याला दोन्ही मुठींत धरून गल्ल्यावर चोळावं आणि काय पडतं ते बघावं.

मी उठले, कुडता घेतला. “बरं. मी वर जाते.”

“वर कुठे?”

“वरच्या कंपनीत. ज्यांच्या काचा या बायका पुसतात. तिथे रिसेप्शनला पूर्वेची काच आहे ना? हा तिथे टांगते, आणि बाजूला माझ्या नमुन्याचा तुकडा. ज्यातून नमुना कापून दिला तो उरलेला अर्धा माझ्याकडे आहे. काठ जुळवून बघतील ते. शिकलेली माणसं आहेत.”

घासाघिशीत दारापर्यंत चालत जाणं हा जुना डाव आहे. चाल सावकाश असावी लागते, पण थांबलेली दिसता कामा नये. मी दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि तो म्हणाला, “काकू, थांबा. काय पाहिजे तुम्हाला?”

मी परत बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. नोटीस मागे, लेखी. तंगी सुपरवायझर म्हणून जिथे आहे तिथेच. सगळ्या बायकांना नवे गणवेश.

पहिल्या दोन्ही गोष्टी त्याने पटकन मान्य केल्या. इतक्या पटकन की मला संशय आला. तिसरीवर तो अडला. नवे गणवेश म्हणजे जुने वाईट होते हे कागदावर येणार. मग वरची कंपनी विचारणार की का. ते त्याला शक्य नव्हतं, आणि तो खरं बोलत होता. घासाघिशीत समोरच्याचा खरा तळ लागला की हाताला कळतं.

“मग अस्तर,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“याच कुडत्यांना आणि पँटींना आतून अस्तर लावते. माझ्या कापडाचं. कापडाचे आणि शिलाईचे तुम्ही द्यायचे, माझ्या भावाने. वरून तुमचं अप्रूव्ह्ड मटेरियल तसंच राहील.”

त्याचा चेहरा खुलला. “एक्झॅक्टली! मॉडिफिकेशन म्हणून दाखवता येईल. बघा, स्वल्प अ‍ॅडजस्ट केलं की सगळं होतं. पण काकू, माझीही एक अट आहे. ताक्याचं काही बोलायचं नाही. बायकांशीपण नाही. आणि तुमच्या त्या सुपरवायझरनेही नाही. तिने तोंड उघडलं, तर नोटीस पुन्हा निघेल. नावं कुठे यायला नकोत.”

मी हो म्हटलं. म्हणून इथे नावं नाहीत. दिलेला शब्द मी पाळते. तो कुणाला दिला ते पाहून पाळायचा असता तर माझा धंदा चालला नसता.

बाहेर सर्व्हिस लिफ्टपाशी तंगी भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्या हातात नोटीस मागे घेतल्याचा कागद दिला. तिने तो दोनदा वाचला, मग पदराने डोळे पुसले. मग मी तिला अट सांगितली.

“म्हणजे सगळ्यांना वाटणार कापड तुमचंच होतं.”

“वाटू दे.”

“सरी, अक्का,” ती म्हणाली. सरी म्हणजे ठीक.

ते अस्तर लावायचं काम मी माणसांवर सोडलं नाही, पुष्कळसं स्वतः केलं. सुई त्या कापडात शिरताना आवाजच येत नाही. जाळीत शिरल्यासारखी जाते. शिवताना टाका धरत नव्हता, म्हणून अस्तराचाच आधार घेऊन शिवावं लागलं. माझं दणकट कापड आत, जिथे कुणाला दिसणार नाही, आणि त्याचं चोरीचं कापड वर, मिरवायला. आयुष्यभर मी असलं कापड माझ्या कात्रीखाली येऊ दिलं नव्हतं. मशीनवर पांढरी भुकटी बसायची, ती रोज संध्याकाळी मी ओल्या फडक्याने पुसायचे आणि फडकं फेकून द्यायचे. मागच्या खोलीतल्या बायका म्हणायच्या, धुऊन ठेवा ना अक्का, चांगलं फडकं आहे. मला ते हातात धरवत नव्हतं.

गणवेश न्यायला बायका रविवारी आल्या, तंगी त्यांना घेऊन आली. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. घालून बघत होत्या, एकमेकींना उन्हात उभं करून तपासत होत्या, हसत होत्या. एकीने अस्तरावर हात फिरवला आणि म्हणाली, “अक्का, हे किती छान आहे! हे होतं तुमच्याकडे, तर पहिल्यांदाच का नाही दिलं?”

“पैसे वाचवले असतील,” दुसरी म्हणाली. “दुकानदार सगळे सारखेच.”

“आता भीती वाटली म्हणून दिलं,” एक म्हातारी म्हणाली. “आमच्या सुपरवायझरनी कान उपटले म्हणून. नाहीतर या बाईने आपल्याला नागडंच फिरवलं असतं. हलकट धंदा!”

सगळ्या हसल्या. तंगीकडे कौतुकाने पाहून हसल्या. तंगी एका कुडत्याची बटणं लावत होती. लावून झालेलं वरचं बटण तिने काढलं आणि पुन्हा लावलं. तोंडाने एवढंच म्हणाली, “चला, चला, बस जाईल.”

माझ्या ओठांत टाचण्या होत्या. त्या थुंकून मी काय काय बोलू शकले असते ते मला अजून शब्दाशब्दाने पाठ आहे. मी पुढच्या बाईची पँट खालून दुमडली आणि टाचणी लावली.

बायका गेल्यावर तंगी परत आली. दारात उभी राहिली. “अक्का, मी बोलले असते तर...”

“माहीत आहे. जा.”

“रागावू नका.”

“रागावले नाही.”

ती गेली. मी रागावले होते, अजून आहे. तिने गप्प राहावं म्हणूनच मी तो सगळा सौदा केला होता, तिच्या जागी मी असते तर मीही बटणंच लावली असती, हे सगळं मला कळतं. तरी ती आता मापं घेऊन येते तेव्हा मी तिला स्टुलावर बस म्हणत नाही. ती उभ्यानेच मापं सांगते, मी लिहून घेते.